ज्याची त्याची रेघ

“ही पट्टी कुणी काढली?”

ईसीजीवाल्या ताईंचा आवाज एवढा चढला, की शेजारच्या खाटेवर घोरणारा पेशंट दचकून उठला. तरुण डॉक्टरांनी मानही वर केली नाही. “मीच काढली. तुम्ही खालच्या वॉर्डात होतात ना.”

खाटेवरचे म्हातारे गृहस्थ नुकतेच गेले होते. घरच्यांना तसं सांगण्याआधी एकदा मशीन लावायचं, कागदाच्या पट्टीवर सरळ रेघ आली की मगच बाहेर जाऊन बोलायचं, अशी या दवाखान्याची पद्धत. रेघ आली होती, फूटपट्टीनं आखल्यासारखी. पण पांघरुणाची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. ताईंनी आत हात घालून छाती चाचपली. कोरडी ठणठणीत! जेलचा थेंब नाही. आणि तारा मशीनच्या हुकावर, त्यांनीच गुंडाळून ठेवल्या होत्या तशाच.

“तारा न लावता रेघ काढलीत?”

“अहो ताई, तपासलंय मी. नाडी नाही, श्वास नाही. लावून तरी वेगळं काय येणार होतं?”

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वेगळं काय येणार होतं म्हणे! आयुष्यभर छातीत धडधडत आलेला हा माणूस, त्याच्या नावावर हुकाला टांगलेल्या तारांची रेघ खपवायची? उठून भांडणार नाही म्हणून?

“ही हुकाची रेघ आहे, डॉक्टर. यांची नाही.” त्यांनी पट्टी टराटरा फाडली.

“बाहेर पेशंट खोळंबलेत!”

“मग बघा ना त्यांच्याकडे. सहीला बोलावते तुम्हाला.”

डॉक्टर पाय आपटत गेले. दाराशी गृहस्थांची बायको उभी होती. किती ऐकलं होतं कोण जाणे.

“मशीन लावलंच नाही का हो?”

“नाही, आजी. आता लावते. या आत.”

आजींच्या डोळ्यांत एकदम आशा चमकली, आणि ताईंना डॉक्टरांचा दुप्पट राग आला. आता ही आशाही ताईंनीच मोडायची.

“आजी, आशा नका धरू. ते गेलेत. पण मशीन लावून बघितल्याशिवाय कागदावर तसं येऊ देणार नाही मी.”

आजींनी मान हलवली. ताईंनी शर्ट उघडला, हातापायांना चिमटे लावले. छातीला जेल लावताना सवयीनं तोंडून निघून गेलं, “काका, गार लागेल हं. हलू नका.”

त्यांनी जीभ चावली. पण आजी म्हणाल्या, “त्यांना गार सोसतच नाही मुळी.”

मशीन कुरकुरलं. कागद सरकत राहिला, रेघ सरळच. ताईंनी नेहमीपेक्षा लांब पट्टी काढली.

“ही त्यांचीच ना?”

“त्यांचीच.”

ताईंनी कापसानं छाती पुसली. आजी शर्टाची बटणं लावू लागल्या. गळ्याजवळचं लावलं, जरा थांबल्या, आणि पुन्हा काढलं.

“एवढं लावलं की गुदमरायला होतं त्यांना,” त्या म्हणाल्या.