नानायच्या गाऊनची पिशवी

मी खेळण्यांची पिशवी बोलतेय. जरा जवळ या, कापडाचा आवाज तो केवढा, लांबून ऐकू यायचा नाही. पण जवळ आलात म्हणून हात लावू नका. का, ते सांगतेच.

तशी मी नुसती पिशवी नाही. जमिनीवर पसरली की गोल चटई, कडेची नाडी ओढली की पिशवी. पोरीने माझ्यावर खेळ मांडायचा आणि खेळून झालं की एका हिसक्यात सगळा संसार गोळा करून खांद्याला अडकवायचा. ही युक्ती म्हाताऱ्या कोरिंगची. गुइमारास बेटावर, आंब्याच्या बागांमधल्या आमच्या गावात ती पायाच्या मशीनवर शिवणकाम करते. दर नाताळात आपल्या डझनभर धर्ममुलांना, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी ज्यांची जबाबदारी घेतली त्या पोरांना, ती अशाच पिशव्या भेट देते. त्यांची कापडं नवीकोरी, फुलाफुलांची असतात. माझं नशीब वेगळं होतं.

बाहेरून मी मैद्याचं पोतं आहे. आतून मात्र कोरिंगची लेक रोवेना हिचा घरात घालायचा गाऊन आहे. रोवेना बागेत कामाला जायची. आंब्याला मोहोर यावा म्हणून झाडाखाली ओला पाला जाळून धूर द्यायचा, फळं धरली की एकेकाला कागदात गुंडाळायचं. मग तिला हाँगकाँगला काम मिळालं, दुसऱ्याचं बाळ सांभाळायचं. तिची स्वतःची लेक लिवाय तेव्हा तीन वर्षांची होती.

आमच्याकडे आई परदेशी निघाली की अंगातला न धुतलेला कपडा मुलाच्या उशाशी ठेवून जाते. मूल मग फार झुरत नाही म्हणतात. रोवेनाने तो गाऊन सलग चार दिवस अंगावरून उतरवला नाही.

"बास कर गं बाई, कोंबड्यासुद्धा वाट वाकडी करून जातायत," कोरिंग म्हणाली.

"अजून एक दिवस. दोन वर्षं पुरायला हवा."

पाचव्या दिवशी माझा जन्म झाला. गाऊनला कात्री लावताना कोरिंगने आधी नाक मुरडलं, आणि मग त्याच कापडात तोंड खुपसून ती रडली. रोवेनाने निघताना दोनदा बजावलं, "काहीही झालं तरी धुवायची नाही." आणि ती होडीत बसली.

दोन वर्षं मी लिवायच्या खांद्यावर काढली. माझ्या पोटात काय नव्हतं? ओंजळभर कवड्या, एका हाताची बाहुली, झाकण हरवलेली किटली, बाटल्यांची बुचं. पण खरा खेळ खेळणी बाहेर काढल्यावर सुरू व्हायचा. ती माझ्यावर अंगाची मुटकुळी करून पडायची आणि नाक कापडात रुतवायची. धूर, खोबरेल आणि घाम, एवढंच तर होतं माझ्यात. इथे आईला नानाय म्हणतात आणि आजीला लोला. फोनवर नानाय दिसायची, हसायची, गाणं म्हणायची. लिवाय फोन हुंगून बघायची आणि खाली ठेवून माझ्याकडे यायची.

हळूहळू मी मळले. कैरीचा चीक, माशाचं कालवण, अंगणातली माती, सगळं माझ्यावर नांदत होतं. शेजारची बेलेन येता-जाता टोमणा मारायची, "काय गं कोरिंग, शिंपिणीच्या घरात ही लक्तरं?" कोरिंग ऐकून घ्यायची. दोन वर्षं तिने माझ्यावर पाण्याचा थेंब पडू दिला नाही, हे मी तिच्या बाजूने सांगून ठेवते.

मग डिसेंबर आला. नाताळच्या सुट्टीला रोवेना तीन आठवडे येणार होती. घर सारवल्यासारखं लख्ख झालं, पडदे निघाले, चादरी निघाल्या. शेवटी कोरिंगची नजर माझ्यावर पडली.

"हे असलं गळ्यात अडकवून पोरगी धक्क्यावर उभी राहिली, तर लेक काय म्हणेल मला? म्हणेल, आईने पोरीकडे बघितलंच नाही." तिने खेळणी ओतली आणि मला बादलीत बुडवलं. बेलेनने कुंपणावरून विचारलं, तेव्हा म्हणाली, "अगं, आता माणूसच येतंय. वास काय करायचाय?"

मला तोंड असतं तर मी ओरडले असते. साबण शिवणीशिवणीत शिरला. धोपाटणं बसत होतं आणि पाण्याबरोबर रोवेना मोरीतून वाहत चालली होती. म्हातारी मात्र गुणगुणत होती, लेक येणार म्हणून.

लिवाय बालवाडीतून आली तेव्हा मी धर्ममुलांच्या नव्या पिशव्यांशेजारी दोरीवर वाळत होते. तिने नाक लावलं. मला उलटी केली, मग सुलटी केली आणि काठ धरून सगळी हुंगली.

"लोला, नानाय कुठे गेली?"

"वेडी गं माझी! उद्या येतेय ना खरीखुरी."

खरीखुरी आली. अंगावर गुळगुळीत जाकीट होतं, अंगाला अत्तर होतं आणि हातात चाकांची, कुलपाची गुलाबी पेटी होती, खेळणी ठेवायला. लिवाय आजीच्या झग्यामागे लपली. पुढे ढकलली तेव्हा पाहुण्यांना म्हणतात तसं "थँक यू" म्हणाली. मग आजीच्या कानात म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "हिला दुकानाचा वास येतोय."

खिळ्याला टांगलेली मी रोवेनाला दिसले. पांढरीशुभ्र, इस्त्रीसुद्धा केलेली. तिने मला उचलून तोंडाला लावलं आणि आईकडे पाहिलं.

"चुकले गं," कोरिंग म्हणाली. "मला वाटलं, आता तू आलीस..."

रोवेना रागावली नाही. "तिकडे बाळाला उचलायच्या आधी दर वेळी हात, मान, सगळं साबणाने धुवायला लावतात. माझ्याच अंगाला माझा वास राहिला नाही, तुला काय बोलू?"

दुसऱ्या दिवसापासून तिने साबण वर ठेवून दिला. आईचा एक जुना गाऊन चढवला, केसांना खोबरेल चोपडलं आणि बागेत धूर द्यायला जाऊ लागली. सुट्टीवर आलेली बाई कामाला जाते म्हणून गाव हसलं. एकवीस दिवसांतले दहा गेले, पंधरा गेले. लिवाय तिला "मावशी, पाणी" म्हणायची. आणि मी खिळ्यावर. मला त्या आईचा वास चार दिवसांच्या घामासकट पाठ होता, पण देता येईल असं माझ्याकडे काही उरलं नव्हतं. भिंतीवर लटकून बघण्यापलीकडे मी काय करणार?

एकोणिसाव्या दिवशी दुपारी रोवेना बागेतून आली, डोळे धुराने लाल, आणि थकून जमिनीवरच आडवी झाली. लिवाय एका हाताची बाहुली घेऊन बाजूने चालली होती. ती थबकली, गुडघ्यांवर बसली आणि तिने रोवेनाच्या मानेला नाक लावलं. बराच वेळ हुंगत राहिली.

"आलीस?"

"आले गं."

"किती उशीर केलास," लिवाय म्हणाली आणि आईच्या दंडावर डोकं ठेवून झोपून गेली. रोवेनाचा हात आखडला, मुंग्या आल्या असतील, पण तिने तो संध्याकाळपर्यंत हलवला नाही. दाराशी कोरिंग उभी राहून बघत होती. दोनच दिवस उरले होते.

निघायच्या दिवशी कोरिंगने माझं आतलं कापड उसवलं आणि रोवेनाने सुट्टीभर घातलेला तो गाऊन कापून आत जोडला. कोरिंगचे डोळे भरून येत होते, म्हणून टाके वाकडे आले. या वेळचा करार तीन वर्षांचा आहे.

लिवाय आता सहाची होईल. तिने सगळी खेळणी त्या गुलाबी पेटीत भरली. माझ्यात ती काही ठेवत नाही. नाडी करकचून ओढून सात गाठी मारल्यात, आतलं बाहेर जाऊ नये म्हणून. उघडण्यासाठी जन्मलेली मी बंद, रिकामी लटकते. रविवारी चर्चमधून आल्यावर ती गाठी सोडते, दोन बोटं तोंड उघडते, हुंगते आणि पुन्हा बांधते. पोरीला कोण सांगणार की कापडाला गाठी मारून काही कोंडता येत नाही! माझ्या एकेका छिद्रातून ते रोज जातंय. मला कळतंय, आणि मला धरून ठेवता येत नाही.

आठ महिने झाले. गेल्या रविवारी तिने हुंगलं, मग डोळे मिटून पुन्हा हुंगलं. गाठी मारता मारता आजीला म्हणाली, "लोला, थोडी राहिलीय."

म्हणून म्हटलं, हात लावू नका. मळकी दिसले तर दिसू द्या. पाहुणे आहात, बसा, कॉफी घ्या, म्हातारीशी चार शब्द बोला. माझी नाडी तेवढी सोडू नका.