प्रेमलाबाईंचा खादाड बंब

मी एक जुना तांब्याचा बंब आहे. आजकालच्या पुष्कळ मुलांनी बंब पाहिलेलाच नसतो, म्हणून आधी ओळख करून देतो. उंचीने मी चौथीतल्या मुलाएवढा, पोटाने मात्र हेडमास्तरांएवढा. पोटात पाणी, पाण्याच्या मधोमध एक उभी नळी, नळीच्या तळाशी जाळी. नळीत जळण टाकलं की ते जाळीवर पेटतं, भोवतीचं पाणी तापतं आणि तोटीतून कढत पाणी बाहेर येतं. धूर नळीतून वर जातो. वर म्हणजे नेमका कुठे, हा प्रश्न मला पंचेचाळीस वर्षं पडला नाही. मी शिकलेला असूनही पडला नाही, याची मला आज लाज वाटते.

माझा जन्म लातूरच्या एका तांबटाच्या हातोडीखाली झाला. मित्रांनो, जन्माआधीच इतका मार खाणारे आमच्याशिवाय कुणी नसेल! मुरुडच्या एका गृहस्थांनी लेकीच्या लग्नात आंदण म्हणून मला विकत घेतलं. लेकीचं नाव प्रेमला. नवरदेव म्हणजे अहमदपूरच्या शाळेत मराठी शिकवणारे मार्तंड गुरुजी. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी एसटीच्या टपावर बसून अहमदपूरला निघालो. कंडक्टरने वर बोट दाखवून विचारलं, "ह्ये कुनाचं हाय?" नवी नवरी खाली मान घालून, पण ठसक्यात म्हणाली, "माझ्या माहेरचं हाय." तेव्हापासून मी स्वतःला प्रेमलाबाईंचा धाकटा भाऊ समजू लागलो.

खाण्याच्या बाबतीत मी कधी नखरे केले नाहीत. तुरीच्या तुराट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या, गोवऱ्या, नारळाच्या शेंड्या, पुढ्यात येईल ते गोड मानलं. पण माझं खरं प्रेम कागदावर. गुरुजी सहामाहीच्या जुन्या उत्तरपत्रिका मला द्यायचे आणि मी त्या वाचून मगच पचवायचो. 'माझा आवडता पक्षी' या विषयावरचे निदान दोन हजार निबंध माझ्या पोटात गेले असतील. त्यातले अठराशे मोरावर होते. एका पोराने कोंबडी लिहिली होती आणि 'कारण ती रश्श्यात छान लागते' असं प्रामाणिकपणे नमूद केलं होतं. अशा रीतीने माझं शिक्षण झालं. अहमदपूर तालुक्यात माझ्याएवढा शिकलेला बंब दुसरा नसावा.

त्या काळात माझं कौतुकही फार व्हायचं. नायगावचे पाहुणे आले की न्हाणीतून ओरडून सांगायचे, "गुरुजी, बंबाच्या पान्याची सर कशालाच न्हाई बगा!" ते ऐकलं की माझी तोटी अभिमानाने थोडी जास्तच गळायची.

पुढे दिवस पालटले. घराभोवतीच्या शेतांत प्लॉट पडले आणि तुराट्या मिळेनाशा झाल्या. गुरुजी निवृत्त झाले, तशा उत्तरपत्रिकाही थांबल्या. पण काहीही वाया घालवायचं नाही, हा गुरुजींचा बाणा. त्यांनी मला दुधाच्या पिशव्या दिल्या, चिप्सची पाकिटं दिली, फाटक्या चपला दिल्या. एकदा तर सायकलची ट्यूब खाऊ घातली. त्या दिवशी माझ्यातून असा काळाकुट्ट धूर निघाला, की शेजारच्या अख्तरीबींनी वाळत घातलेला पांढरा कुर्ता संध्याकाळपर्यंत राखाडी झाला. खरं सांगतो, मला वाटलं, काय आपला रुबाब!

गुरुजींची मुलगी श्रद्धा नांदेडला नोकरी करते. तिने आईवडिलांसाठी गच्चीवर पाणी तापवणारा सोलर बसवून दिला. गुरुजींनी त्या पाण्यात एक बोट बुडवलं आणि निकाल जाहीर केला. "उन्हात ठिवलेलं पानी हाय. त्याला ना चव, ना वास." अंघोळीच्या पाण्याला चव कशासाठी हवी, हे त्यांना विचारायची घरात कुणाची छाती नव्हती. सोलरच्या पाण्याने चार वर्षं स्कूटर धुतली गेली आणि मी मिशीला तूप लावल्यासारखा मिरवत राहिलो.

या सगळ्या काळात रोज सकाळी माझ्यासमोर कोण बसायचं? प्रेमलाबाई. पडवीला वरून पत्रा, त्याखाली मी, आणि माझ्यापुढे पाटावर बसून फुंकणीने फुंकणाऱ्या त्या. डोळ्यांना पाणी यायचं, खोकला यायचा. अलीकडे त्यांचे पाय सुजू लागले होते. पैंजणाचा वळ घोट्यावर दिवसभर राहायचा. "वय झालं आता," असं म्हणून त्या मेडिकलमधून आणलेली गुडघेदुखीची गोळी गिळायच्या आणि पुन्हा मला भरवायला बसायच्या.

मागच्या वर्षी गावात ज्येष्ठ नागरिकांसाठी तपासणी शिबिर भरलं. अख्तरीबींनी आग्रह केला म्हणून बाईही गेल्या. चार दिवसांनी प्लॅस्टिकच्या कव्हरात घातलेला रिपोर्ट घरी आला. गुरुजी वाचनालयात गेले होते. बाईंनी पायरीवर बसून तो वाचला. मग इकडेतिकडे पाहिलं आणि उठून तो कव्हरासकट माझ्या अजून धुमसणाऱ्या नळीत घातला.

"खा बाबा गुपचूप," त्या मला म्हणाल्या. "त्यांना कळलं तर फ्रिजवर तक्ता लावतील."

तक्त्याची भीती खोटी नव्हती. एकदा बाईंची साखर जराशी वाढली, तेव्हा गुरुजींनी जेवणाचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं होतं आणि दर रविवारी ते बाईंना शेरा द्यायचे. महिनाभर बाई 'समाधानकारक'च्या वर गेल्या नाहीत.

मग बाई हळूच म्हणाल्या, "आन तुला भंगारात घालतील रे."

मी सवयीप्रमाणे कागद वाचायला घेतला. दोन्ही मूत्रपिंडांचं काम बरंच कमी झालं आहे, असं त्यात लिहिलं होतं. लवकर तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवा. दुखण्याच्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नका. धुरापासून दूर राहा. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारल्या होत्या. मी सुन्न झालो. खोकल्याचं मी समजू शकत होतो. पण मूत्रपिंडं तर पाठीमागे, कमरेच्या वर असतात. माझा धूर तिथवर कसा पोहोचला? दोन हजार निबंध खाऊनही मला उत्तर येईना.

कागद अर्धा जळला, पण कव्हर वितळून जाळीला घट्ट चिकटलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या घशात घास अडकला. तो मी मुद्दाम अडकवला, असं म्हणणार नाही, कारण बंबाला तेवढं जमत नाही. पण तो सुटावा असंही मला वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळा धूर उलटा फिरून पडवीत भरला. गुरुजींनी सळई घालून पाहिली, मला दोन शिव्या घालून पाहिल्या, आणि शेवटी भिंतीवरून हाक मारली, "मोहियोद्दीनभाई, जरा या बरं!"

मोहियोद्दीनभाई म्हणजे अख्तरीबींचे यजमान. पन्नास वर्षं भांड्यांना कल्हई केलेला माणूस. आता भट्टी बंद करून घरीच असतात. त्यांनी मला चक्क डोक्यावर उभं केलं, जाळी काढली आणि सांडशीने तो गोळा ओढून बाहेर काढला.

"गुरुजी, काय खाऊ घालून राहिले याला? बंब हाय का उकिरडा?" मग ते गोळा निरखून पाहू लागले. "ह्यात कागद हाय. नाव... भाभी, ह्यो तर तुमचा रिपोर्ट हाय. अख्तरीचा बी असाच आला."

गुरुजींनी चष्मा लावला. उरलेला अर्धा कागद त्यांनी दोनदा वाचला. मग पस्तीस वर्षं वर्गात वापरलेल्या आवाजात विचारलं, "हे कुणी जाळलं?"

प्रेमलाबाईंनी वर्गातल्यासारखा हात वर केला.

"कामून?"

"तुम्ही तक्ता लावला असता." बाई म्हणाल्या. "आन डॉक्टरनं धूर बंद करा म्हनलं, की तुम्ही ह्याला भंगारवाल्याला देऊन टाकलं असतं. माझ्या माहेरचं एवढंच उरलंय हो."

गुरुजींनी चष्मा काढला. मोहियोद्दीनभाई पायरीवर बसले.

"भाभी, मी बी भट्टीपुढं बसून लई धूर गिळला. वाटायचं, छातीत जातो आन खोकललं की भायेर येतो. नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलं, चाचा, बारीक धूर खोकून निघत न्हाई. तो रगतात उतरतो. आन रगत गाळायचं काम किडनीचं. आपल्या उमरीत ती आधीच थकेल असती. तिच्यावर बीपी, शुगर, ह्या गोळ्या. वरून आपला धूर. एकट्या धुरानंच झालं असं मी म्हनत न्हाई. पर जे आपल्या हातात हाय, ते तरी कमी करावं ना?"

गुरुजी बाईंच्या शेजारी पाटाजवळ खालीच बसले. "ती ट्यूब मीच टाकली होती," ते पुटपुटले. "पिशव्या बी मीच. आन फुंकायला तुला बसवलं." त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या दिवशी पडवीत धूर तर कधीच ओसरला होता.

दुसऱ्या सकाळी गुरुजींनी सोलरच्या पाण्याने अंघोळ केली. टॉवेल गुंडाळून बाहेर आले आणि घाईघाईने म्हणाले, "पानी बरं हाय." एवढं बोलायला त्यांना केवढे कष्ट पडले, ते मला दिसत होतं. त्याच आठवड्यात ते बाईंना लातूरला तज्ज्ञांकडे घेऊन गेले. गुडघेदुखीच्या त्या गोळ्या बंद झाल्या, बीपीचं औषध सुरू झालं, दर तीन महिन्यांनी तपासणी ठरली. बिघडलेलं सगळं काही परत आलं नाही. पण आणखी बिघडतही नाही, आणि हेही पुष्कळ आहे, असं डॉक्टर म्हणतात. फ्रिजवर तक्ता लागलाच, मात्र तो बाईंनी लावला. त्यावर 'कचरा जाळायचा नाही' असं लिहिलं आहे आणि शेरा गुरुजींना मिळतो.

मला कुणी भंगारात दिलं नाही. चिंचेने घासून लख्ख करून पडवीच्या कोपऱ्यात ठेवलं. दिसायला मी नवरदेवासारखा, पण पोटात कावळे ओरडायचे.

मग या पौषात तीन दिवस आभाळ भरून आलं. सोलरचं पाणी थंडगार पडलं. सकाळी गुरुजी काखेत तुराट्या आणि हातात काडेपेटी घेऊन माझ्याजवळ आले. "एकच दिवस," ते माझ्या कानाशी कुजबुजले. त्यांनी तुराट्या आत घातल्या. मित्रांनो, दहा महिन्यांचा उपाशी मी! वासानेच माझ्या जाळीला पाणी सुटलं. त्यांनी काडी ओढली.

तेवढ्यात आतून बाई खोकल्या. साधाच खोकला, थंडीचा. तो मी हजारो सकाळी ऐकला होता आणि माझ्या न्याहारीचाच एक भाग समजत आलो होतो. त्या क्षणी मला माझी भूक नकोशी झाली. ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो. गुरुजीही तसेच थबकले. काडी बोटापर्यंत जळत आली, तेव्हा "आई गं!" म्हणून त्यांनी ती फेकली. मग एकेक तुराटी बाहेर काढली, गॅसवर मोठं पातेलं ठेवलं आणि कढत पाण्याची बादली स्वतः न्हाणीत नेली. वाटेत कुणी नसताना "सरका, सरका" असं ओरडत नेली.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी विनवतात, आम्हाला विसरू नका, वापरत राहा. माझी विनंती उलटी आहे. तुमचे आजी-आजोबा बंबापुढे, चुलीपुढे किंवा पेटवलेल्या कचऱ्याजवळ बसत असतील, तर त्यांचा हात धरून त्यांना उठवा. त्यांचे पाय सुजले तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. त्यांना दवाखान्यात न्या आणि तिथून आलेला कागद तुम्ही स्वतः वाचा. आमच्यासारख्यांना घासा, पुसा, फोटो काढा, पण खाऊ घालू नका. उपाशी राहून आजवर एकही बंब मेलेला नाही.