केक, बेकरीवाले आणि छतातला मी

मी एक जुना पंखा आहे, पण खोलीतला नव्हे. एका कॅम्परच्या, म्हणजे आत झोपायची आणि रांधायची सोय असलेल्या गाडीच्या, छतात मी बसलो आहे. मित्रांनो, पंखा म्हटला की तुम्ही लगेच खाली उभे राहून वारा मागता. मी वारा देत नाही. आतली तापलेली हवा ओढतो आणि वर फेकतो. कारखान्यात मला तेवढंच शिकवलं.

नवा होतो तेव्हा पाहुण्यांना मला मुद्दाम चालू करून दाखवत. पुढे जाळीवर धूळ बसली, एक पातं चिरलं आणि गाडी एका बेकरीवाल्यांकडे आली. माणूस सज्जन, पण सगळा जन्म भट्टीसमोर गेलेला. दार उघडं टाकलं की पाव बसतो, हे त्यांच्या हाडीमासी खिळलेलं. त्यामुळे ऊन तापलं की ते गाडीच्या सगळ्या खिडक्या घट्ट लावून घेत. थंडावा बाहेर जायला नको म्हणे. आत थंडावा होता कुठे? ओढायला हवाच नाही म्हटल्यावर मी नुसता घरघरायचो आणि बोलणी खायचो.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही त्यांच्या थोरल्या बहिणीच्या वाढदिवसाला निघालो. बेकरी दोघा भावंडांची सामाईक. ती आता बेकरीवाल्यांना आपल्या लेकीकडे सोपवायची होती, पण या बहिणीचं, म्हणजे लेकीच्या आत्याबाईंचं म्हणणं, आधी तिच्या हातचा केक खाऊन बघते. तो दोन मजली केक बरोबर माझ्या खाली, टेबलावर होता.

दुपारी रस्ता तापला. क्रीमला घाम फुटला आणि केकचा वरचा मजला हळूच कलला. लेक त्याला दोन्ही हातांनी सावरून बसली.

"हा पंखा भंगारात द्यायला हवा," बेकरीवाले पुढून म्हणाले.

"बाबा, खिडकी उघडते."

"नको. गरम हवा आत येईल."

"ही भट्टी नाही बाबा. भट्टीत पाव असतो, इथे आपण आहोत."

"पाव कधी कुरकुर करत नाही."

मग लेकीने विचारणंच सोडलं. उन्हाकडचे पडदे ओढले, सावलीकडची खालची खिडकी उघडली, तिच्यावर ओलं फडकं अडकवलं आणि माझा वेग वाढवला. काय सांगू मित्रांनो! खालून गार हवा आली आणि मी जीव खाऊन छताखालची सगळी आग बाहेर भिरकावली. क्रीम घामेजायचं थांबलं. बेकरीवाल्यांनी मानेवरून हात फिरवला; घाम वाळला होता.

केक पोहोचला, पण वाकडा. तो उचलायची कुणाची छाती होईना, तेव्हा आत्याबाईच गाडीत चढल्या.

"हा कुणाकडे वाकून बघतोय?" त्यांनी विचारलं. मग एक तुकडा खाल्ला. आणि रिकामी ताटली पुन्हा लेकीपुढे धरली.

परतताना गाडी लेक चालवत होती. बेकरीवाले मागे, उघड्या खिडकीशी बसले होते. ते म्हणाले, "दुकान आता तुझं. आधी भट्टीमागच्या भिंतीत एक खिडकी पाडून घे. मी जन्मभर शिजलो, तू शिजू नकोस."

माझी जाळी आता पुसली जाते, पातंही नवं आलं आहे. मित्रांनो, तुमच्या गाडीत किंवा स्वयंपाकघरात माझा कुणी भाऊबंद घरघरत असेल, तर त्याला भंगारात काढण्याआधी एक खिडकी उघडून बघा. बिचारा कधीपासून बंद दाराआड एकटाच ओढत असेल.