भुऱ्याला पळू द्यायचं नव्हतं

विक्रोळीच्या खाडीलगत सापडलेल्या भुऱ्या कुत्र्याच्या हृदयात डासांमुळे जंत झाले होते. सुलक्षणा त्याला चाळीत घेऊन आली आणि तिने इंजेक्शनं सुरू केली. डॉक्टरांनी बजावलं होतं, "मेलेले जंत फुप्फुसात अडकतात. महिनाभर त्याला अजिबात पळू देऊ नका." म्हणून ती त्याला दाराशी बांधून ठेवी.

गणपतीच्या दिवशी ती फुलं आणायला गेली. सणाला दारात जनावर बांधलेलं नसावं, ही शेजारच्या काशीरामकाकांच्या घरची रीत. त्यांनी साखळी सोडली. "डॉक्टर कायपण सांगतत. आज सण आसा रे, जा, मोकळो फिर."

तेवढ्यात फाटकात सुलक्षणा दिसली. भुऱ्या सुसाट धावत गेला आणि तिच्या पायाशी कोसळला. तोंडातून रक्त आलं, मग श्वास थांबला.

काका हातात वाटी घेऊन उभे होते. "हेका मोदक देवचो होतो गो."

"आता कोणाला देता, काका?"