रेघांच्या खोलीतला आजार

थर्मामीटरच्या कारखान्यात दादाचं काम रेघा ओढायचं. पातळ काचनळीवर मेणाचा थर द्यायचा, त्यात सुईनं रेघा ओढायच्या आणि नळी तेजाबात बुडवायची. जिथलं मेण खरवडलं तिथलीच काच तेजाब खातं आणि रेघ कायमची उमटते. पस्तीसपासून बेचाळीसपर्यंत अशा एकाहत्तर रेघा. एखादी केसभर सरकली, तर तापानं फणफणलेल्या कुणाचा तरी ताप चुकीचा मोजला जाणार. पंधरा वर्षांत दादाची रेघ सरकली नव्हती.

त्या थंडीत सरकली. आधी दिवसातून एखादी, मग दर डझनात दोन-तीन. फोरमननं नळ्या उजेडात धरून पाहिल्या आणि सगळ्यांदेखत विचारलं, "काय रे, सकाळी सकाळीच लावून येतोस की काय?"

दादानं उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता. तो पुढची नळी घेऊन बसला. घरी आला आणि जेवणाचं ताट भिरकावलं.

वहिनी हादरलीच. मुंगीवर पाय पडला तर हळहळणारा हा माणूस. हल्ली मात्र तो क्षुल्लक गोष्टीवरून भडकायचा, मग लाजून कोपऱ्यात बसायचा. कुणी भेटायला आलं की आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचा. तोंडाला सदा पैसा चघळल्यासारखी चव येते म्हणायचा. दात घासताना रक्त यायचं. चहाचा कप तो आता दोन्ही हातांनी धरायचा, तरी बशीत सांडायचा.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली. "मज्जातंतू थकलेत. विश्रांती घ्या. आणि खरं सांगा, पिता का?"

दादाला एक बहीण होती. घरात सगळे तिला धाकटीच म्हणत. पुस्तकं बांधायचं तिचं छोटंसं दुकान होतं. ती जुन्या ग्रंथांच्या पाठी शिवायची आणि त्यांवर सोन्याच्या वर्खानं अक्षरं उमटवायची. डॉक्टरांचं बोलणं वहिनीकडून कळलं तशी ती हातातलं काम टाकून आली आणि दादासमोर बसली.

"दादा, पाऱ्यानं तर नाही ना हे?"

"पाऱ्याला मी बोटसुद्धा लावत नाही," दादा वैतागून म्हणाला. "नळ्यांत पारा भरतात ते खाली शेडमध्ये. त्यांचे हात दिवसभर पाऱ्यात असतात. त्यांना काही होत नाही, मग मला कसं होईल?"

बिनतोड मुद्दा होता. कारखान्यात सगळे हेच म्हणत. पण धाकटीचा स्वभाव चिवट. उसवलेल्या पुस्तकाचं एक पान कमी भरलं, तर ती दुकानभर शोधत बसायची. तिनं विचारलं, "तुझ्या खोलीत अजून कुणाला त्रास आहे?"

दादा बोटांवर मोजू लागला. रेघांच्या खोलीत माणसं सहा. त्यातल्या चौघांचे हात थरथरत होते. सगळ्यात वाईट हाल होते चष्मिसचे. चष्मिस म्हणजे दादाच्या शेजारच्या टेबलावरचा पोरगेलासा माणूस. त्याचे दोन दात पडले होते आणि तो स्वतःच्या सदऱ्याची बटणंही लावू शकत नव्हता. धडधाकट होते ते दोघंच, आणि ते दोघंही खिडकीपाशी बसत.

धाकटीनं कागदावर खोली काढली. टेबलं, दार, खिडकी, मधली कोळशाची शेगडी. शेगडीच्या जवळचे जास्त आजारी, खिडकीजवळचे कमी. पुढच्या आठवडाभरात ती एकेकाच्या घरी जाऊन आली. कधीपासून त्रास सुरू झाला, हे विचारलं. कुणीही दोन हिवाळ्यांपलीकडचं सांगितलं नाही. आणि उन्हाळ्यात, खिडक्या उघड्या असताना, सगळ्यांनाच जरा बरं वाटलं होतं.

"दोन वर्षांपूर्वी तुम्ही कुठे बसायचा?" तिनं दादाला विचारलं.

"मागच्या इमारतीत. मग शेड बांधली, पारा भरणारे खाली गेले आणि त्यांची खोली आम्हाला मिळाली."

"म्हणजे आधी त्याच खोलीत पारा भरायचे?"

"वीस वर्षं," दादा म्हणाला.

त्या खोलीची जमीन लाकडी फळ्यांची होती. पारा सांडला की त्याचे मणी होतात, मण्यांचे बारीक मणी होतात, आणि ते केरसुणीला न जुमानता फटींत पळतात. वीस वर्षांत किती मणी पळाले असतील?

पण हे नुसतं म्हणून कोण ऐकणार? पाऱ्याची वाफ दिसत नाही, तिला वास नसतो. धाकटीला वर्खाचं काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिरानं एक गोष्ट बजावली होती. सोन्याच्या आसपास पारा ठेवू नकोस, सोनं त्याला ओढून घेतं आणि पांढरं पडतं. तिनं एका बाटलीच्या तळाशी पाऱ्याचा थेंब टाकला, बुचाला आतून वर्खाचा तुकडा टांगला. दुसऱ्या बाटलीत नुसताच वर्ख. मग पुठ्ठ्याच्या चार पट्ट्यांवर वर्ख चिकटवला आणि त्या दादाच्या हाती दिल्या. एक शेगडीला लागून असलेल्या दादाच्याच टेबलाखाली, एक चष्मिसच्या टेबलाखाली, एक खिडकीपाशी आणि एक खाली शेडमध्ये.

"फोरमननं पाहिलं तर?" दादानं पट्ट्या सदऱ्याच्या आत सरकवत विचारलं.

"तर सांग, बहीण वेडी आहे."

सहा आठवडे गेले. त्या सहा आठवड्यांत चष्मिसनं अंथरूण धरलं ते पुन्हा उठला नाही. त्याच्या आईनं दाखल्यावर मृत्यूचं कारण वाचलं, 'अशक्तपणा'.

दादानं पट्ट्या आणल्या तेव्हा धाकटीनं त्या दुकानाच्या टेबलावर ओळीनं मांडल्या. शेडमधलं सोनं होतं तसं पिवळं. खिडकीजवळचं किंचित फिकट. चष्मिसच्या टेबलाखालचं डागाळलेलं. शेगडीजवळचं कथलासारखं पांढरंफटक. पाऱ्याच्या बाटलीतला वर्खही तसाच पांढरा झाला होता. नुसत्या वर्खाची बाटली अजून लखलखत होती.

आता सगळा हिशोब जुळत होता. पारा हातावर घेतला तर कातडीतून फार थोडा आत शिरतो. पण त्याची वाफ श्वासात गेली की जवळजवळ सगळी रक्तात उतरते आणि तिथून मेंदूपर्यंत पोचते. शेड तिन्ही बाजूंनी उघडी होती, तिथली वाफ वारा घेऊन जायचा. वरच्या बंद खोलीत शेगडी फळ्या तापवायची, वाफ वाढायची आणि सहा माणसं ती दिवसभर छातीत भरून घ्यायची. ज्यांनी पारा हाताळला ते वाचले होते, आणि ज्यांनी बोट लावलं नव्हतं ते मरत होते.

धाकटी पट्ट्या घेऊन थेट मालकांकडे गेली. मालक चांगल्या घरचे, मृदू बोलणारे. त्यांनी पट्ट्या उलटसुलट पाहिल्या.

"तुमचं म्हणणं काय, दोष कशात आहे?"

"फळ्यांत. जमीन उखडून टाका. एका माणसाचा जीव गेलाय, साहेब."

"बघतो," मालक म्हणाले. "पण बाहेर बोभाटा नको."

त्यांनी शब्द पाळला. आठ दिवसांत खोली बंद झाली आणि सुट्टीच्या दिवशी जमीन उखडली गेली. फळ्यांखालून पारा बादलीनं भरला म्हणे. दादा कितीतरी दिवसांनी हसला. धाकटीलाही वाटलं, सुटलो एकदाचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दादाकडे गेली, तर अंगणात भिंतीला टेकवून लाकडाचा भारा ठेवलेला.

"हे काय, वहिनी?"

"कारखान्यातनं आलंय. जुन्या फळ्या वाटल्या पाच घरांत, जळणाला. वीस वर्षं वाळलेलं लाकूड, छान पेटेल. आत्ता चुलीत घालणारच होते..."

धाकटीनं झटकन भारा उचलून दारापासून लांब, उघड्यावर नेऊन टाकला. "हात लावू नका! पारा मुरलाय यात! आणखी कुणाकुणाला दिल्यात?"

वहिनीनं चार घरं सांगितली. धाकटी धावत सुटली, मागोमाग वहिनी. पहिल्या घरी फळ्या तशाच पडलेल्या. दुसऱ्या घरी बाई काडी ओढत होती, धाकटीनं तिच्या हातातून काडेपेटीच हिसकावली. तिसऱ्या घरी पोरांनी फळ्यांचं घर रचलं होतं. पोरांना तिथून काढून हातपाय धुवायला लावले. चौथं घर फोरमनचं.

त्या घराच्या दारंखिडक्या थंडीमुळे बंद होत्या. धाकटीनं दार ढकललं. फोरमनची म्हातारी आई चुलीसमोर हात शेकत बसली होती आणि पाठीमागे त्याची मुलगी भाकरी थापत होती. चुलीत फळी जळत होती, आणि बारीक खोकल्याचा ठसका दोघींनाही लागला होता.

"बाहेर चला! आधी बाहेर!"

"कोण गं तू?" म्हातारी म्हणाली. "तोंडात काय कडू कडू येतंय बाई..."

दोघी नणंद-भावजयांनी त्यांना ओढतच बाहेर आणलं. खिडक्या उघडल्या, नाकाला पदर लावून वहिनीनं चुलीवर पाण्याची घागर ओतली. फोरमन कारखान्यातून धापा टाकत आला तेव्हा त्याची आई अंगणात बसून श्वासासाठी झगडत होती.

डॉक्टरांनी या वेळी दारूचं विचारलं नाही. त्यांनी धाकटीचं सगळं ऐकून घेतलं, पट्ट्या मागितल्या आणि एकेक उजेडात धरून पाहिली. मुलगी महिनाभर खोकून उठली. म्हातारी चौथ्या दिवशी गेली.

त्यानंतर गोष्ट दाबून ठेवता आली नाही. चौकशी बसली. फोरमननंच साक्ष दिली. फळ्या वाटायचा हुकूम कुणाचा, खोली बदलताना जमीन का झाकली नाही, आजारी माणसांना आपण दारुडे म्हणालो, सगळं त्यानं मान खाली घालून सांगितलं. मालकांनी म्हटलं, फळ्या जाळल्या की धोका, हे आपल्याला माहीत नव्हतं. कारखाना काही महिने बंद राहिला, मग सिमेंटच्या जमिनीवर पुन्हा सुरू झाला. दादाच्या हिरड्या भरल्या, झोप परत आली. हात मात्र पुन्हा रेघ ओढण्याइतका स्थिर झाला नाही. हल्ली तो धाकटीच्या दुकानात कागदांच्या घड्या घालतो, आणि गिऱ्हाईक आलं की मागच्या खोलीत जातो. चष्मिस गेला आणि त्याच्याहूनही शेगडीजवळ बसणारा दादा कसा वाचला, हे डॉक्टरांना आजही सांगता आलेलं नाही.

एका दुपारी फोरमन दुकानात आला. धाकटीनं पाणी दिलं. त्यानं भांडं हातात धरूनच ठेवलं.

"पोरी, एक विचारू? तापवलं की वाफ होते, हे तुला आधीपासून ठाऊक होतं ना?"

"होतं."

"मग जाळू नका, असं मालकांना का नाही सांगितलंस?"

धाकटीनं हातातली सुई खाली ठेवली. हा प्रश्न तिनं स्वतःला इतक्यांदा विचारला होता की उत्तर तयार असायला हवं होतं.

"सुचलं नाही, काका," ती म्हणाली. "फळ्या उखडल्या की संपलं, असं वाटलं मला."

फोरमननं मान हलवली. रागावला नाही, समजूतही घातली नाही. पाणी पिऊन भांडं टेबलाच्या कडेला ठेवलं.

"दादा कसा आहे?"

"आत आहे. बोलावू?"

"नको," तो म्हणाला. "त्याला त्रास होतो ना माणसांचा. असू दे."

तो पायऱ्या उतरून गेला. मागच्या खोलीत दादा कागद मोजत होता. आकडा चुकला, तसा त्यानं पुन्हा एकपासून सुरुवात केली.