दिव्याच्या बाजाचं लॅटिन स्तोत्र

ठाण्यात नौपाड्यातल्या गुरुदत्त बिवलकरनं लॅटिन स्तोत्राला चाल लावली. ती पण साधीसुधी नाही, चाळीस गळे आणि अख्खा वाद्यवृंद लागेल अशी. लॅटिन त्याला येत नव्हतं. चर्चमधल्या फादरांच्या मागे लागून त्यानं एकेक शब्द समजून घेतला. अर्थ एवढाच, की देवा, मी खोल खड्ड्यातून ओरडतोय, जरा ऐक. नऊ वर्षं तो बँकेत फायलींच्या आड हेच लिहीत बसला. बायको चित्रा विचारायची, तुमच्या देवाला मराठी कळत नाही का? मग हा ताटावरून उठून जायचा आणि थोड्या वेळानं परत येऊन ताकभात मागायचा.

त्या रचनेचा जीव एका शांततेत होता. ऐन मध्यावर सगळे बेंबीच्या देठापासून देवाला हाक मारतात आणि एकदम थांबतात. कुणी गायचं नाही, वाजवायचं नाही. देव ओ देतो का, याची वाट बघायची. गुरुदत्तला विचाराल तर पुढचंमागचं सगळं नुसतं त्या शांततेला टेकू म्हणून लिहिलं होतं.

गाणारे मिळाले. चर्चची मंडळी आली, नौपाड्यातल्या हौशी बायका आल्या. अडलं वादकांवर. मुंबईच्या व्हायोलिनवाल्यांच्या लेखी मुलुंडला देश संपतो. त्या शहाण्यांपैकी एकानंही मुलुंडचा नाका ओलांडला नाही. शेवटी गुरुदत्त दिवा गावच्या पंढरी भोईरकडे गेला. पंढरीचा बँड आगरी-कोळ्यांच्या हळदीत वाजायचा. कॉर्नेट, सनई, बेंजो, ढोल, ताशे. कागदावरचे स्वर त्यांना वाचता येत नव्हते आणि त्याचं त्यांना सुतकही नव्हतं. गुरुदत्त गाऊन दाखवायचा, पंढरी कॉर्नेटवर उचलायचा, बाकीचे त्याच्या मागे. तालमीत ती शांतता अशी काही पडायची, की मैदानातलं कुत्रंसुद्धा अंग खाजवायचं थांबायचं.

कार्यक्रम वर्तकनगरच्या हॉलमध्ये होता. मुंबईहून सुहासिनी दलाल आल्या होत्या. फोर्टातल्या मोठ्या हॉलात कुणाचं संगीत वाजणार आणि कुणाचं कपाटात कुजणार, हे त्या बाई ठरवत. आज त्यांना आवडलं तर नऊ वर्षांचं सोनं, नाहीतर चित्रा होतीच बोलायला.

सुरुवातीला पंढरीनं रंगमंचावर नारळ फोडला, खोबरं वाटलं. गुरुदत्तला वाटलं, वा, काय मंगल वातावरण झालं. तिथेच त्या गाढवाचं चुकलं.

पहिला भाग झकास झाला. मग ती हाक आली. चाळीस गळ्यांनी छत हलवलं आणि सगळं थांबलं. गुरुदत्तनं हात वर धरले, डोळे मिटले.

आणि ढोल सुरू झाला. हळदीचा.

मागून ताशे घुसले, बेंजो घुसला, पंढरीनं गाल फुगवून कॉर्नेट आभाळाकडे केला. गुरुदत्त माश्या हाकलल्यासारखे हात उडवू लागला. बँडला वाटलं, जोर वाढवा म्हणतोय. पहिले पाय हलले ते चर्चच्या एका जाड्या गायकाचे, मग नौपाड्याच्या बायकांचे. गाणाऱ्यांनी पुढची ओळ मास्तरांचा हात खाली आला की उचलायची होती. हात तर सारखाच खालीवर चाललेला. त्यांनी आपली उचलली, आणि उरलेलं सगळं लॅटिन हळदीच्या ठेक्यात म्हणून टाकलं. फादरांनी शिट्टी मारली असं म्हणतात. ते स्वतः नाही म्हणतात.

विंगेत गुरुदत्तनं पंढरीची गचांडी धरली. "तालमीत बरा गप्प बसायचास रे?"

"तालमीन नारल कुठं फोरलेला?" पंढरी शांतपणे म्हणाला. "नारल फोरला, कार्य सुरू झाला. मंग बाजा मधीच बंद परला त लोकं काय समजतान? घरान कोन तरी मेला. मी होतो म्हून तुझी अब्रू वाचली, मास्तर."

तेवढ्यात सुहासिनीबाई आल्या. पदर खोचलेला, घाम निथळतोय. म्हणाल्या, मे महिन्यात फोर्टात करू, पण हाच बँड हवा. मधे थांबण्याचा वगैरे काही बेत असेल तर तो काढून टाका. कलावंतानं प्राण द्यावा पण एक मात्रा देऊ नये, असं गुरुदत्त चित्राला नऊ वर्षं ऐकवत होता. बाईंचं वाक्य संपायच्या आत तो "चालेल" म्हणाला.

पंढरीनं नकारार्थी मान हलवली. मे महिना म्हणजे लग्नसराई, एक संध्याकाळ मोकळी नाही. गुरुदत्तनं हातापाया पडून पाहिलं. बाई म्हणाल्या, मग दुसऱ्या कुणाला तारीख देते, आणि गेल्या.

गुरुदत्त ढोलावरच मटकन बसला. पंढरीला दया आली.

"असा कर. तुझी मानसा घेऊन हलदीला ये. मधी वाजवू तुझा. जेवान आमचा."

गुरुदत्त ढोलावरून उठला.

"ऐकतील का रे?"

"ऐकतीन? नाचतीन."

गुरुदत्तनं हळद कुणाकडे आहे ते विचारलं.