वाकड्या चोचीची कात्री

मित्रांनो, मला पाहून हसू आले तर खुशाल हसा. माझी पाती मुठीपासून वाकलेली आहेत आणि खालच्या पात्याला टोकच नाही. टोकाच्या जागी बदकाच्या चोचीसारखा चपटा, बोथट भाग आहे. एखाद्या शिंप्याने मला हातात घेतले तर तो कपाळाला हात लावील. पण मी शिंप्यासाठी जन्मलेच नाही. मी इस्पितळाच्या अपघात विभागातली जुनी कात्री आहे. जखमी माणसाला न हलवता आणि कातडीला न टोचता त्याच्या अंगावरचे कपडे कापायचे, हे माझे काम.

कारखान्यात मला तापवले, ठोकले, घासले आणि एका पात्याला बारीक दात पाडले. तेव्हा मला त्या दातांचा फार राग आला होता. पुढे त्यांनीच माझी लाज राखली.

अपघात विभागात मी थोरल्या सिस्टरांच्या हाताखाली शिकले. तिथल्या डॉक्टरबाईंचा एक नियम होता : आधी श्वास, मग रक्त, हाड शेवटी. मोडलेले हाड सगळ्यांचे लक्ष वेधून घेते आणि खरा चोर भलतीकडेच लपून बसतो, असे त्या म्हणत. म्हणून अंगावरचे कपडे दूर करून सगळे शरीर पाहायचेच. थोरल्या सिस्टरांची त्यात स्वतःची एक रीत होती. त्या कपडा नेहमी शिवणीवरून कापत, म्हणजे घरी कुणीतरी टाके घालून तो पुन्हा जोडू शकेल. त्यांच्या हातात मी लोण्यातून फिरावे तशी फिरायचे. नवीन आलेल्या परिचारिका ते पाहत राहायच्या आणि मला आपला फार अभिमान वाटायचा.

पण अपघात काही रोज ठरल्या वेळी येत नाहीत. मी ट्रॉलीवर नुसती पडलेली दिसले, की वॉर्डबॉय मामांचा हात माझ्याकडे वळायचा. सलाईनची खोकी आली की कापा, दोरी आली की कापा.

“मामा, ती माणसांची कात्री आहे, खोक्यांची नाही,” सिस्टर म्हणायच्या.

“हे एवढं एकच, सिस्टर.”

मामा मनाने वाईट नव्हते, पण त्यांचे ते ‘एकच’ कधी संपले नाही. माझी धार गेली. मी आतल्या आत कुढत राहिले, पण कात्रीला तक्रार करायला तोंड असून उपयोग काय?

एके दिवशी सकाळी एका रंगाऱ्याला आणले. तो परांचीवरून खाली पडला होता. त्याच्या उजव्या हाताचे हाड कातडीबाहेर आले होते आणि जो तो त्या हाताकडेच बघत होता. गडी मात्र शुद्धीत होता आणि वर विनोद करत होता.

“सिस्टर, हाताचं काय ते करा, पण स्वेटर कापू नका. बायकोने विणलाय. आज रंगकाम नव्हतं, भिंतींचं नुसतं मोजमाप घ्यायचं होतं म्हणून पहिल्यांदा घातला. ती मला घरात घेणार नाही.”

सिस्टर स्वतः विणायच्या. त्यांचा जीव वरखाली झाला. “बाई, डोक्यावरून काढू का?”

“नको. उंचावरून पडलाय, मान हलता कामा नये,” डॉक्टरबाई दोन्ही हातांनी त्याचे डोके स्थिर धरून म्हणाल्या. “कापा. मला छाती बघायचीय.”

“दादा, शिवणीवरून कापते. घरी जोडता येईल,” असे म्हणून सिस्टरांनी मला बाजूच्या शिवणीत घातले. तिथे लोकर दुहेरी होती. मी चार बोटे गेले आणि रुतून बसले. सिस्टरांनी ओढले, ढकलले, पण मी जागची हलेना. तेवढ्यात रंगाऱ्याचे विनोद थांबले. त्याचे वाक्य अर्ध्यावर तुटू लागले, मानेच्या शिरा फुगल्या, ओठ निळसर झाले.

“दुसरी कात्री आणू?” मामांनी घाबरून विचारले.

“तेवढा वेळ नाही,” सिस्टर म्हणाल्या. त्यांनी मला शिवणीतून उपसून काढले आणि थेट स्वेटरच्या पुढच्या काठाखाली, मधोमध एकेरी लोकरीत घातले. आयुष्यभराची रीत त्यांनी त्या क्षणी बाजूला ठेवली. मीही हट्टाला पेटले. धार नसेल तर नसो, दात तर आहेत ना! लोकरीचा एकेक धागा मी चावत चावत तोडला आणि गळ्यापर्यंत पोचले.

स्वेटर बाजूला झाला. डाव्या काखेखाली कातडीला एक बारीक भोक होते, पडताना खिळा घुसला असावा; रक्त थेंबभरच. छातीची ती बाजू वर उचलतच नव्हती. डॉक्टरबाईंनी डोके धरायला एका परिचारिकेला दिले आणि छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकले.

“आत हवा कोंडलीय, फुफ्फुस दबलंय. मोठी सुई द्या.”

सुई बरगड्यांमधून आत गेली आणि फुस्स करून हवा बाहेर पडली. रंगाऱ्याने लांब श्वास घेतला. नंतर छातीत नळी बसवली आणि हाताकडे सगळ्यात शेवटी पाहिले.

दुपारी त्याची बायको आली. नवऱ्याला डोळे भरून पाहिल्यावर तिने स्वेटर उचलला. “मधोमध का कापला?”

“शिवणीवरूनच कापणार होते हो. पण कात्रीला धार नव्हती, आणि थांबले असते तर तुमचा माणूस हाती लागला नसता.”

“धार का नव्हती?”

मग मामाच पुढे आले. “मी या कात्रीने खोकी कापायचो, ताई.”

स्वेटरचे तुकडे घडी करून तिने पिशवीत ठेवले. मामा त्याच संध्याकाळी मला स्वतः धार लावायला घेऊन गेले.

पुढे रंगारी हात दाखवायला आला, तेव्हा तीही बरोबर आली. तिने लोकरीची एक अरुंद पिशवी सिस्टरांच्या हातात दिली. “स्वेटर काही जुळला नाही. उसवून त्याच लोकरीची ही विणली. कात्री हिच्यात ठेवा. बाहेर काढाल ती माणसासाठीच काढा.”

मामांनी ती पिशवी ट्रॉलीला बांधली. खोक्यांसाठी त्यांनी घरून जुनी सुरी आणली आहे, आणि आता कुणाचा हात माझ्याकडे वळला की सिस्टरांच्या आधी तेच डाफरतात.

मित्रांनो, काही वस्तूंना वाट बघण्याचेच काम दिलेले असते. तुमच्या घरातली औषधांची पेटी, जिन्यातला विजेरी दिवा, आग विझवायचे नळकांडे. त्या नुसत्या पडून आहेत असे समजू नका. त्यांना जपा, कारण वेळ आली की तिला ‘थांब’ म्हणता येत नाही.

आता बाहेर रुग्णवाहिकेचा भोंगा वाजतो आहे. मामांनी माझ्या पिशवीची नाडी सैल केली. मी तयार आहे.